धुळाक्षरं

‘धुळाक्षरं गिरवणं’ हा वाक्प्रचार मराठीत अजून रुळलेला आहे, पण त्यातली धूळ आता कुणी पाहिलेली नसते. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीच्या टोकानं तीवर अक्षर काढायचं, पंतोजींनी पाहिलं की पाटी हलवून पुन्हा कोरी करायची, अशी ती रीत होती. पुढे दगडी पाट्या आल्या, मग वह्या आल्या आणि धूळ फक्त भाषेत उरली.

१९८८च्या सुमाराला इथिओपियाच्या पश्चिम सीमेजवळ पिन्युदो नावाच्या ठिकाणी हजारो मुलं खरोखरीच्या धुळीत अक्षरं गिरवत बसलेली होती. त्यांच्याकडे पाटी नव्हती, पाटीवर पसरायला वेगळी आणलेली धूळही नव्हती. झाडाची सावली जिथवर पडे तिथवर वर्ग. शिक्षक काठीनं जमिनीवर इंग्रजी ‘ए’ काढायचा, मुलं बोटानं त्याखाली आपापला ‘ए’ काढायची, आणि पुढचं अक्षर काढायच्या आधी तळहातानं जमीन सारखी करायची. शिकवणारा बहुतेक वेळा त्यांच्यासारखाच निर्वासित असे. गावाकडे असताना त्याच्या चार-सहा इयत्ता झालेल्या होत्या, एवढाच त्याचा अधिकार.

निर्वासित मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सहसा संस्थांच्या नावांनी सांगितला जातो. त्या संस्थांचं ऋण मोठं आहे आणि ते पुढे येईलच. पण सुदानी मुलांच्या बाबतीत पहिला स्वयंसेवक हा माणूस होता: झाडाखाली उभा राहिलेला, अर्धपोटी, आपल्याला येतं तेवढं दुसऱ्याला देऊन टाकणारा. त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

ही मुलं तिथे कशी पोचली? सुदानच्या अरबीभाषक, मुस्लिमबहुल उत्तरेत आणि ख्रिस्ती व पारंपरिक धर्म पाळणाऱ्या दक्षिणेत एक यादवी युद्ध आधीच होऊन गेलं होतं. १९७२च्या अदिस अबाबा करारानं ते थांबलं आणि दक्षिणेला स्वायत्तता मिळाली. १९८३मध्ये राष्ट्राध्यक्ष जाफर निमेरी यांनी ती स्वायत्तता मोडीत काढली आणि देशभर शरियत कायदा लागू केला. त्याच वर्षी मे महिन्यात बोर इथल्या दाक्षिणात्य सैनिकांनी बंड केलं. जॉन गरांग यांच्या नेतृत्वाखाली ‘एसपीएलए’ ही बंडखोर सेना उभी राहिली. पुढे जे युद्ध चाललं ते २००५पर्यंत संपलं नाही.

दक्षिणेतल्या डिंका समाजाचं सगळं जगणं गुरांभोवती फिरतं. लग्नात गुरं दिली जातात, भांडण गुरांवरून होतं, मुलाला नावही कधी एखाद्या बैलाच्या रंगावरून पडतं. गुरं राखायचं काम पोरांचं. कोरड्या दिवसांत मुलगे गुरांबरोबर गावापासून लांब छावणीत राहत. १९८७च्या आसपास बाहर एल गझाल भागात सरकारनं शस्त्रं पुरवलेल्या घोडेस्वार टोळ्या गावांवर तुटून पडू लागल्या. घरं जाळायची, माणसं मारायची, बायका-मुलांना पळवून न्यायचं. गुरांमागे गेलेली मुलं लांब होती म्हणून वाचली. गावाकडून धूर येताना दिसला आणि ती उलट दिशेला पळाली. वाटेत दुसऱ्या गावची अशीच मुलं भेटत गेली. पूर्वेकडे इथिओपिया आहे आणि तिथे मारत नाहीत, एवढंच त्यांना कळलेलं होतं. काहींचं वय सहा-सात वर्षांचं होतं.

या चालण्याला आठवडे लागले, कित्येकांना महिने. पाण्यावाचून, झाडपाला खात, रात्री सिंहांच्या आणि तरसांच्या भीतीनं एकमेकांना चिकटून झोपत ती गेली. अशा मुलांची संख्या सगळी मिळून २०,०००च्या घरात होती असं मानलं जातं. मदतकार्यातल्या लोकांनी पुढे त्यांना ‘लॉस्ट बॉईज’ म्हणायला सुरुवात केली. जे. एम. बॅरीच्या ‘पीटर पॅन’मधल्या, आईबापांपासून हरवलेल्या मुलांवरून घेतलेलं हे नाव. ते जगभर गेलं, पण ते नेमकं नाही. ही मुलं वाट चुकून हरवली नव्हती, त्यांना हुसकावून लावलेलं होतं. शिवाय या नावात मुली मावत नाहीत, आणि त्याचा फटका मुलींना पुढे फार मोठा बसला.

पिन्युदोला पोचल्यावर पहिले काही महिने मरणाचे होते. जुलाब, गोवर आणि उपासमार यांनी मुलं रोज जात होती आणि खड्डे खणायचं काम मुलांनाच करावं लागत होतं. मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचं, म्हणजे यूएनएचसीआरचं, धान्य येऊ लागलं. मुलांचे गट पाडले गेले, प्रत्येक गटावर एकेक प्रौढ माणूस नेमला गेला. मुलांनी लाकूडफाटा आणि गवत आणून स्वतःच झोपड्या उभारल्या आणि मग, त्याच हातांनी, शाळा. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, बसायला ओंडके. स्वीडनमधली ‘राद्दा बार्नेन’ ही बालकांसाठी काम करणारी संस्था मदतीला आली. शिक्षकांना थोडंफार प्रशिक्षण मिळालं, खडू मिळाला, वह्या मिळाल्या. पण वही येण्याआधी अक्षर आलेलं होतं, ते धुळीतून.

या चित्राला एक काळी बाजू आहे. पिन्युदोवर एसपीएलएचा ताबा होता. इथिओपियाचे सत्ताधीश मेंगिस्तू हैले मरियम बंडखोरांच्या पाठीशी होते आणि छावण्या म्हणजे बंडखोरांच्या दृष्टीनं उद्याच्या सैनिकांचं कोठार होतं. सकाळी बाराखडी शिकणाऱ्या मुलांतल्या थोराड मुलांना कवायतीला नेलं जाई, काही परत वर्गात दिसत नसत. मानवी हक्क संघटनांनी याच्या नोंदी केलेल्या आहेत. शाळा आणि बराक यांच्यातली रेघ तिथे धुळीतल्या अक्षराइतकीच पुसट होती. तरीही, मोठेपणी या मुलांनी आपल्या आठवणी सांगितल्या तेव्हा बहुतेकांनी त्या झाडाखालच्या वर्गाबद्दल ओढीनं सांगितलं, हे विसरता येत नाही. दिवसातला तेवढाच वेळ असा होता की ज्यात उद्या नावाची गोष्ट होती.

मे १९९१मध्ये मेंगिस्तू यांची सत्ता कोसळली आणि ते देश सोडून पळाले. नव्या सत्ताधाऱ्यांचं सुदानच्या बंडखोरांशी वैर होतं. छावण्यांवर गोळीबार सुरू झाला आणि मुलं पुन्हा पळाली, या वेळी पश्चिमेला, सुदानकडे. मध्ये गिलो नदी होती आणि पावसाळ्याचे दिवस होते. पाठीमागून गोळ्या, समोर फुगलेलं पाणी, पाण्यात मगरी. शेकडो मुलं त्या एका नदीत गेली. आपल्या सोबत्याचा हात सुटल्याची आठवण जवळपास प्रत्येकाच्या कहाणीत येते.

पलीकडे पोचाला इथे रेड क्रॉसनं त्यांना काही महिने जगवलं. १९९२च्या सुरुवातीला सरकारी फौजा तिथेही येऊन ठेपल्या. मुलं दक्षिणेला चालू लागली, कपोएटाच्या बाजूला आली, तर मे १९९२मध्ये कपोएटाही पडलं. शेवटी केनियाची सीमा ओलांडून ती लोकिचोग्गिओला पोचली आणि तिथून शंभरेक किलोमीटर आत, काकुमाला. पहिल्या घरापासून इथवर त्यांची पायपीट दीड हजार किलोमीटरांच्या वर गेलेली होती. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं काकुमाला पोचली.

काकुमा ही छावणी केनियाच्या वायव्येला, तुर्काना लोकांच्या मुलखात आहे. पाऊस जवळपास नाही, तापमान चाळिशीकडे, आणि दुपारी सुटणारं धुळीचं वादळ. इथे धूळ अक्षर गिरवायला नव्हे, अक्षर पुसायलाच असल्यासारखी होती. धान्य पंधरा दिवसांनी मिळायचं आणि ते पंधरा दिवस पुरायचं नाही. शेवटचे एक-दोन दिवस पोरं उपाशीच राहत, त्या दिवशी वर्गातली हजेरी उतरलेली असे. यूएनएचसीआरनं शाळांची जबाबदारी लुथरन वर्ल्ड फेडरेशनवर सोपवली. अभ्यासक्रम केनियाचा, भाषा इंग्रजी आणि जोडीला किस्वाहिली. डिंका किंवा नुएर बोलणाऱ्या मुलाला दोन्ही परक्या.

एका वर्गात शंभरावर मुलं ही नेहमीची गोष्ट होती. एका पुस्तकाभोवती सात-आठ डोकी जमत, त्यामुळे काही मुलांना पुस्तक उलट्या बाजूनं वाचायची सवय लागली असेल तर नवल नाही. बहुसंख्य शिक्षक निर्वासितच होते. केनियाच्या कायद्यानं निर्वासिताला पगारी नोकरी करायची मुभा नव्हती, म्हणून त्यांना मिळायची ती रक्कम पगार नव्हती, ‘इन्सेंटिव्ह’ होती, म्हणजे आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकेला मिळतं तसं मानधन. त्याच शाळेतल्या केनियन शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत ते अगदी तुटपुंजं. कालच आठवी पास झालेला मुलगा आज चौथीला शिकवायला उभा राहायचा. तो पाठ वाचून दाखवायचा, स्वतः अडला तर संध्याकाळी दुसऱ्या शिक्षकाच्या झोपडीत जाऊन विचारून यायचा.

काकुमातल्या या मुलांमध्ये एक म्हण रूढ झाली होती: शिक्षण हेच माझे आई-वडील. मराठीत तिला ‘मायबाप’ असा फार जवळचा शब्द आहे. आपल्याकडे तो सरकारला, धन्याला, प्रेक्षकांना उद्देशून सहज वापरला जातो. या मुलांनी तो अक्षरशः वापरला. ज्याला आई-वडील नव्हते, गुरं नव्हती, गाव नव्हतं, त्यानं त्या सगळ्यांच्या जागी शाळा ठेवली. डिंका समाजात एके काळी शाळेला पाठवणं म्हणजे मुलगा गमावणं असं मानलं जाई. ज्या घराला शाळेचं वावडं होतं त्याच घरातला मुलगा आता रॉकेलच्या चिमणीखाली केनियाच्या आठवीच्या परीक्षेची तयारी करत होता.

आठवीच्या पुढे वाट अरुंद होती. छावणीत माध्यमिक शाळेच्या जागा मोजक्या. इथे ‘जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस’ ही १९८० साली फादर पेद्रो आरुपे यांनी सुरू केलेली संस्था कामी आली. तिनं हुशार मुलामुलींना शिष्यवृत्त्या देऊन छावणीबाहेरच्या केनियन निवासी शाळांत पाठवायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम छावणीत बसून टपालानं करता येतील अशी सोयही तिनं केली. डॉन बॉस्कोच्या सेल्सियन पाद्र्यांनी सुतारकाम, गवंडीकाम, शिवण शिकवणारी केंद्रं काढली. ही सगळी माणसं स्वतःहून त्या उन्हात जाऊन राहिलेली होती.

त्याच वर्षांत सुदानच्या आत, युद्धाच्या तोंडावर, एक वेगळीच कहाणी घडत होती. एमा मॅक्यून ही ब्रिटिश तरुणी १९८७ साली स्वयंसेवक शिक्षिका म्हणून सुदानला आली होती. पुढे कॅनडातल्या ‘स्ट्रीट किड्स इंटरनॅशनल’ या संस्थेसाठी तिनं दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत शाळा सुरू करण्याचं काम घेतलं. छत नाही, पगार नाही, पण गावात कुणी शिकलेला असेल तर त्याला उभं करायचं, खडू-फळा-वह्या विमानानं आणून द्यायच्या, अशी तिची पद्धत होती. शंभरावर शाळा अशा उभ्या राहिल्या. १९९१मध्ये तिनं बंडखोरांचा नुएर सेनापती रिएक मशार याच्याशी लग्न केलं आणि तिथून तिचं काम वादात सापडलं. त्याच वर्षी मशार गरांगपासून फुटला, डिंका आणि नुएर एकमेकांवर उठले, बोरच्या परिसरात भीषण कत्तल झाली. मदतकार्याची माणसं एका बाजूच्या सेनापतीच्या घरात गेलेल्या बाईवर विश्वास कसा ठेवणार? तिचं काम सुटलं. हा आक्षेप चुकीचा नव्हता. ज्या शाळेवर एका फौजेची सावली पडते तिथे दुसऱ्या जमातीचं मूल सुरक्षित राहत नाही.

पण तिनं केलेली एक गोष्ट त्या वादाच्या पलीकडची आहे. इमॅन्युएल जाल हा बालसैनिक तिला भेटला. बंदुकीच्या उंचीचा मुलगा. तिनं त्याला मदतीच्या विमानात लपवून नैरोबीला आणलं आणि शाळेत घातलं. काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९९३मध्ये, नैरोबीत मोटार अपघातात ती गेली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची आणि गरोदर होती. जालचं शिक्षण तिच्या मित्रमैत्रिणींच्या मदतीनं अडखळत चालू राहिलं. पुढे तो जगभर ऐकला जाणारा रॅप गायक झाला. तिच्या नावानं दक्षिण सुदानमधल्या लेर गावी शाळा बांधायची म्हणून त्यानं दीड वर्षाहून अधिक काळ दिवसातून एकदाच जेवण्याचं व्रत घेतलं आणि पैसे जमवले.

२०००च्या अखेरीस अमेरिकेनं काकुमातल्या या मुलांपैकी काहींना आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ती मुलं राहिलेली नव्हती, बहुतेक जण अठरा ते पंचवीस वर्षांचे होते. कुणालाच जन्मतारीख माहीत नव्हती. अधिकाऱ्यांनी अंदाजानं वर्ष लिहिलं आणि तारीख सरसकट १ जानेवारी टाकली. एकाच दिवशी जन्मलेली हजारो माणसं विमानात बसली. सुमारे ३,८०० जण गेले. सप्टेंबर २००१मधल्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर ही दारं बंद झाली आणि यादीत नाव असलेली बरीच मुलं काकुमातच राहिली.

या साऱ्यांत मुली होत्या फक्त ८९. गिलो नदी मुलींनीही ओलांडली होती, पिन्युदोला त्याही चालत आल्या होत्या. पण रीतीप्रमाणे एकट्या मुलीला कुठल्या तरी कुटुंबात ठेवलं जाई, त्यामुळे कागदोपत्री ती ‘एकाकी अल्पवयीन’ राहत नसे. त्या घरात ती पाणी भरायची, पोरं सांभाळायची, आणि वयात आली की तिच्या बदल्यात गुरं किंवा पैसे येणार असत. तिला शाळेत कोण पाठवणार, आणि अमेरिकेच्या यादीत तिचं नाव कोण देणार? काकुमाच्या वरच्या वर्गांत मुली हाताच्या बोटांवर मोजता येत. पुढे अँजेलिना जोली हिच्या देणगीतून छावणीत मुलींसाठी निवासी शाळा उभी राहिली, तेव्हा निदान काही मुलींना पाण्याच्या रांगेतून आणि लग्नाच्या बोलणीतून सुटून अभ्यासाला बसायला जागा मिळाली.

अमेरिकेत गेलेल्यांची शाळा तिथेही सोपी नव्हती. अठराच्या आतल्यांना पालक कुटुंबं मिळाली आणि ती हायस्कुलात गेली. अठराच्या वरच्यांना काही महिने भाडं आणि किराणा मिळणार, मग कामाला लागायचं. कत्तलखान्यात, विमानतळावर, गोदामात रात्रपाळी करायची आणि सकाळी कम्युनिटी कॉलेजात बसायचं. फार्गो, फिनिक्स, अटलांटा, सिरॅक्यूज, बॉस्टन अशा शहरांत चर्चमधले लोक, निवृत्त शिक्षिका, शेजारी हे सगळे यात ओढले गेले. कुणी निबंध तपासून द्यायचं, कुणी गाडीनं कॉलेजला सोडायचं, कुणी फीसाठी घरगुती वर्गणी काढायचं. पुण्यातल्या वाचकाला यातलं काही ओळखीचं वाटेल. इथल्या महाविद्यालयांतही कित्येक वर्षं सुदानी विद्यार्थी शिकत आले आहेत, आणि परक्या शहरात फॉर्म, फी आणि खोली या तीन गोष्टी जुळवताना एखादं घर पाठीशी असणं म्हणजे काय, हे त्यांच्या शेजाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या टली या लहान गावात लोपेझ लोमाँग एका कुटुंबात आला. सहा वर्षांचा असताना त्याला बंडखोरांनी पळवलं होतं, तिथून तो निसटला आणि दहा वर्षं काकुमात वाढला. अमेरिकेला जायच्या निवडीसाठी त्यानं एक निबंध लिहिला होता. धुळीत काडीनं अक्षरं शिकलेल्या हातानं लिहिलेला हा निबंध त्याला छावणीबाहेर घेऊन गेला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चमूपुढे झेंडा घेऊन चालणारा धावपटू तोच.

पण या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची घडामोड क्रीडांगणावरची नाही. २००५च्या जानेवारीत उत्तर-दक्षिण शांतता करार झाला आणि ही मुलं आपापली गावं शोधत परत जाऊ लागली. काहींना वीस वर्षांनी आई जिवंत सापडली. गावात शाळा मात्र सापडली नाही. २००८च्या जनगणनेत दक्षिण सुदानमधल्या प्रौढांपैकी जेमतेम २७ टक्के साक्षर निघाले, स्त्रियांमध्ये तर १६ टक्के. अमेरिकेत नोकरी करत, रात्री शिकत असलेल्या या तरुणांनी मग आपापल्या गावासाठी पैसे उभे करायला सुरुवात केली.

मारियल बाई या गावचा व्हॅलेंटिनो अचक देंग अटलांटात राहत होता. तिथे मेरी विल्यम्स हिनं या तरुणांच्या मदतीसाठी ‘लॉस्ट बॉईज फाउंडेशन’ काढलेलं होतं. तिच्यामार्फत त्याची लेखक डेव्ह एगर्सशी गाठ पडली. काही वर्षांच्या गप्पांतून, प्रवासांतून २००६ साली त्याच्या आयुष्यावरची कादंबरी आली आणि तिचं उत्पन्न व्हॅलेंटिनोच्या प्रतिष्ठानाकडे वळवण्यात आलं. २००९मध्ये मारियल बाईत माध्यमिक शाळा उघडली. त्या टापूत आठवीच्या पुढे शिकायचं तर तोवर गाव सोडावं लागत असे. शाळेत मुलींसाठी वसतिगृह असलं पाहिजे हा व्हॅलेंटिनोचा आग्रह होता, कारण गिलोच्या वाटेवर आणि काकुमात मुलींचं काय झालं ते त्यानं पाहिलेलं होतं. पुढे तो आपल्या राज्याचा शिक्षणमंत्री झाला.

सिरॅक्यूजला शिकलेला गॅब्रिएल बोल देंग आपल्या आरियांग गावी शाळा बांधायला परतला. साल्वा दुत यानं २००३मध्ये पाण्यासाठी संस्था काढली. ती शाळेची संस्था नव्हती, पण विहीर खणली की शाळा भरते हे तिथलं साधं गणित आहे. पाणी आणायला रोज काही तास चालणारी मुलगी विहीर दाराशी आल्यावर वर्गात बसायला मोकळी होते. या सगळ्यांच्या आधी मनुत बोल हा अतिउंच डिंका बास्केटबॉलपटू अमेरिकेत कमावलेले जवळपास सगळे पैसे दक्षिणेतल्या निर्वासितांवर खर्च करून बसला होता. तुरालेई या आपल्या गावी शाळा उभी राहावी हा त्याचा शेवटचा ध्यास होता. ते काम चालू असतानाच २०१० साली तो गेला.

काकुमाकडे न जाता नाईलच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला गेलेल्यांची वाट वेगळी होती. कैरोत १९९५पर्यंत सुदानी माणसाला जवळपास इजिप्शियनासारखं राहता येत असे. त्या वर्षी अदिस अबाबात इजिप्तचे अध्यक्ष मुबारक यांच्यावर खुनी हल्ला झाला, त्याचा संशय सुदानवर आला आणि ही सवलत गेली. मुलांना सरकारी शाळांची दारं बंद झाली. मग सकाकिनी वस्तीतल्या कोंबोनी पाद्र्यांच्या चर्चमध्ये, सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात, भाड्याच्या सदनिकांत निर्वासितांनी स्वतः वर्ग चालवले. शिक्षक तेच, सुदानमधून आलेले, मिळेल त्या मानधनावर. शाळेला सरकारी मान्यता नसल्यानं वर्षभर शिकूनही हातात येणाऱ्या कागदाला इजिप्तमध्ये किंमत नव्हती. तरी वर्ग भरलेले असत.

जुलै २०११मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३मध्ये सत्ताधाऱ्यांतच फूट पडून तिथे पुन्हा युद्ध पेटलं आणि काकुमा, जे रिकामं होईल असं वाटत होतं, ते पुन्हा भरलं. या वेळी आलेल्या मुलांपैकी काहींचे बाप पूर्वी त्याच छावणीत शिकलेले होते.

दरम्यान सुदानच्या पश्चिमेला दारफूरमध्ये २००३पासून दुसरी आग लागली होती आणि लाखो माणसं वाळवंट ओलांडून चाडमध्ये गेली होती. गोझ अमेर, ब्रेजिंग, उरे कसोनी या तिथल्या छावण्या. चाडच्या छावण्यांतही पहिले वर्ग निर्वासित शिक्षकांनीच, झाडाखाली आणि ताडपत्रीखाली, सुरू केले. दहा वर्षं त्यांनी सुदानचाच अभ्यासक्रम चालवला, कारण परत जायचं आहे ही आशा होती. २०१४मध्ये ती आशा बाजूला ठेवून शाळा चाडच्या अभ्यासक्रमाकडे वळल्या. पालकांना हा निर्णय जड गेला. मुलाचं पाठ्यपुस्तक बदललं म्हणजे घर आता मागे राहिलं, हे मान्य करण्यासारखं होतं. गोझ अमेरमध्ये २०१३पासून छावणीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्या ‘आय-ॲक्ट’ या छोट्या संस्थेनं यात हात दिला, पण शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायका तिथल्याच होत्या.

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये सैन्य आणि निमलष्करी ‘आरएसएफ’ यांच्यात युद्ध सुरू झालं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत देशातली १.९ कोटी मुलं शाळेबाहेर असल्याचं युनिसेफनं सांगितलं. शाळांच्या इमारतींत विस्थापितांचे संसार लागले. सरकार नाही, बँका बंद, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या तरुणांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाचे गट उभे केले. सामुदायिक स्वयंपाकघरं, दवाखाने, आणि जिथे जमेल तिथे मुलांसाठी वर्ग. पळून गेलेल्या शिक्षकांनी पोर्ट सुदानमध्ये, कैरोत, चाडच्या सीमेवर जाऊन पुन्हा खडू हातात घेतला. कैरोत २०२४च्या उन्हाळ्यात परवान्याच्या कारणावरून सुदानी शाळांना टाळी लागली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्यानंतरची पहिली शालान्त परीक्षा झाली, तेव्हा चाडमधल्या छावण्यांत तयारी करून बसलेल्या हजारो मुलांना परीक्षा केंद्रच मिळालं नाही.

या युद्धानं रस्त्याची दिशाही उलटी केली. एके काळी दक्षिणेतून पळून खार्तूमला आश्रय घेतलेली कुटुंबं आता नाईलच्या काठानं परत दक्षिणेला येत आहेत. सीमेजवळच्या रेंक गावी त्यांचा पहिला मुक्काम पडतो. त्यांची मुलं खार्तूमच्या शाळांत अरबीत शिकलेली, आणि दक्षिण सुदानच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या. त्यामुळे सहावी-सातवीपर्यंत गेलेली, मिसरूड फुटलेली मुलं पहिली-दुसरीच्या वर्गात लहानग्यांच्या शेजारी बसतात. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेला हात फळ्याच्या डाव्या टोकाला नेतात आणि ‘ए’ काढतात.